मंडळ्यांच्या बातम्या आणि येणाऱ्या संधी इथे टाका (आणि कुठलं केडगाव तेही लिहा)

अल्टो_दुसरी_रांग

जय ख्रिस्त सगळ्यांना.

हा धागा काढायचं कारण केडगाव. मागच्या महिन्यात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिला मंडळाची सहल ठरली होती. सूचना कधी वाचतात तुम्हाला माहितीये, संदेश संपलेला असतो, अर्पणाची पिशवी तिसऱ्या बाकापर्यंत आलेली असते, संडे स्कूलची पोरं परत आत घुसत असतात, आणि त्या गडबडीत सेक्रेटरी एका दमात वाचतात, महिला मंडळाची सहल केडगाव येथे शनिवारी सकाळी सात वाजता इच्छुकांनी नावे द्यावीत. संपलं. आता नगरच्या माणसाला केडगाव म्हणलं की पुणे रोडचं केडगाव, दुसरं सुचतच नाही. शनिवारी सकाळी सात बायका तिथल्या स्टॉपवर डबे आणि सतरंजी घेऊन उभ्या आणि बस चर्चच्या फाटकातून निघून दौंड रोडला लागलीसुद्धा, कारण सहल होती दौंडजवळच्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला. फोन कुणी उचलेना, बसमध्ये गाणी चालू. त्या सातजणींत माझी आई होती. तिने तिथेच स्टॉपवर डबा उघडला, सगळ्यांना मेथीचे पराठे वाटले, घरी आली, आणि अजून सेक्रेटरींशी बोलत नाही.

हे हसण्यावारी गेलं, पण माझ्या भाच्याचं नाही गेलं. बारावी झाला, एका कॉलेजात अल्पसंख्याक कोट्यातून जागा मिळत होती, त्याला लागत होता बाप्तिस्म्याचा दाखला आणि पाळकांचं पत्र. पाळकसाहेब सुट्टीवर जाणार आहेत, दाखले पाहिजे असतील तर आधी सांगा, अशी सूचना झाली होती म्हणे. आम्ही त्या रविवारी गावी लग्नाला. दाखला हातात आला तोवर यादी लागून गेलेली. साहेबांची चूक नाही, सेक्रेटरींचीही म्हणता येणार नाही, पण पोराचं वर्ष गेलं.

आपल्या मंडळ्यांमध्ये संधी नाहीत असं अजिबात नाहीये हो. शिबिरं असतात, थिऑलॉजीच्या जागा असतात, नर्सिंगचं असतं, गुड फ्रायडेला बोलायची संधी असते, क्वायरला माणसं पाहिजेच असतात. पण कळतं कुणाला, तर ज्याचा काका पंच कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या कमिटीत, त्याला.

म्हणून इथे टाका. कुठल्याही मराठी प्रॉटेस्टंट मंडळीचं चालेल. फक्त नुसतं "शिबिर आहे" असं नको, कोणासाठी, किती वाजता, पैसे किती, कुणाला विचारायचं आणि शेवटची तारीख काय एवढं लिहा.

पेटीवाले_काका

उत्तम काम केलंस बाळ. मला एकच सांगायचंय. ज्ञानोदय हे आपलं ख्रिस्ती नियतकालिक १८४२ साली ह्याच नगरातून निघालं. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८३१ ला नगरला आली आणि अकरा वर्षांत छापील पत्र सुरू. तेव्हा ना वीज ना मोटार. आणि आज खिशात फोन असून आपल्याला सात बायकांना कुठल्या केडगावला जायचं ते सांगता येत नाही.

आता माझी सूचना. दर गुरुवारी संध्याकाळी सहा ते साडेसात मी पेटी शिकवतो, फुकट. वय दहाच्या पुढे काहीही. पेटी स्वतःची नसली तरी चालेल, आमच्याकडे दोन आहेत, एकीचा भाता जरा दमेकरी आहे. तबल्यालाही कुणी आलं तर सोन्याहून पिवळं, कारण आमचा तबलजी नोकरीसाठी चाकणला गेल्यापासून पोरं मोबाईलवर ट्रॅक लावून गातात आणि ट्रॅक काही म्हाताऱ्यांसाठी थांबत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांची अर्धी भजनं अभंगाच्या चालीची आहेत, तिथे दम घ्यायला जागा लागते, समोरच्या आजीबाईचं कडवं संपलं का हे बघून पुढे जावं लागतं. मशीनला ते कसं कळणार.

शेवटची तारीख नाही. मी आहे तोवर.

मी_पंच

ताई, काका पंच कमिटीत असेल त्यालाच कळतं हे जरा जास्तच झालं. माझ्या स्वतःच्या मुलाला युथ कॅम्पची तारीख शेजारच्या मुलीकडून कळली, घरात मीच कमिटीवर.

दुसरी बाजू पण ऐका. निम्मी मंडळी सूचना झाल्यावर येते आणि उरलेली आशीर्वादाआधी चप्पल शोधत असते. पूर्वी आम्ही छापील पत्रक द्यायचो, कोविडमध्ये बंद झालं ते झालंच. मग व्हॉट्सॅप ग्रुप केला. त्यात सकाळी सहापासून फुलं, सूर्योदय, वचनाची चित्रं, कोणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, आणि आमची सूचना त्याच्याखाली गाडली जाते. ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं केलं तर दोन ज्येष्ठ सभासद रागावून बाहेर पडले, त्यातला एक आमचा माजी खजिनदार, त्याला परत आणायला पाळकसाहेबांना घरी जावं लागलं. सेक्रेटरीचं काम फुकटचं असतं, शिव्या मात्र रोख.

असो. संधी म्हणता तर ही घ्या. गुड फ्रायडेला वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सातजण बोलतात, बारा ते तीन. दरवर्षी तेच सहा चेहरे. ह्या वेळी कमिटीत ठरलंय की किमान तीन वक्ते पस्तिशीच्या आतले आणि त्यात मुली. नावं पाळकसाहेबांकडे द्यायची. झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) आधी तीन आठवडे नावं बंद, कारण साहेब प्रत्येकाला एकदा बसवून ऐकणार आहेत.

संडेस्कूल_टीचर

पंचसाहेब, तरुणांना नेहमी पाचवा उद्गार देता, "मला तहान लागली आहे", लहान आहे म्हणून. मला सलग चार वर्षं तहानच लागली होती 😄 ह्या वेळी दुसऱ्या कुणालातरी लागू द्या.

व्हीबीएसचं, म्हणजे मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेचं लिहिते. आमच्याकडे मे महिन्यात परीक्षा संपल्या की लगेच, सोमवार ते शनिवार, सकाळी आठ ते अकरा. मुलं तीन वर्षांपासून दहावीपर्यंत, कुठल्याही मंडळीची, आणि मंडळीची नसलेली पण येतात, आमच्या गल्लीतली निम्मी पोरं येतात, गाणी आणि नाश्ता दोन्ही त्यांना पाठ आहे. पण मला मुलं नकोयत, मुलं भरपूर आहेत. मला मोठी माणसं पाहिजेत! शिकवायला कमी पडत नाही कुणी, चित्रं कापायला, गोंद लावायला, पोरांना रांगेत उभं करायला, लहानग्यांना बाथरूमला नेऊन आणायला लागतात. कॉलेजची मुलं-मुली आली तर प्रमाणपत्र देतो.

एक गोष्ट ह्या वर्षीपासून कडक केलीये, पालकांची सही असलेला फॉर्म आणि दोन फोन नंबर असल्याशिवाय मूल घ्यायचं नाही, आणि घरी सोडताना ओळखीच्याच माणसाकडे. मागच्या एका वर्षी एका पोरीला तिचा चुलता लवकर घेऊन गेला, आईला माहिती नाही, पाऊण तास आम्ही विहिरीत बघतोय. मूल सुखरूप होतं पण माझे हातपाय संध्याकाळपर्यंत थरथरत होते. तेव्हा फॉर्म कशाला, आपलीच तर माणसं आहेत, असं मला कुणी सांगू नका.

बीडी_करू_का

सगळ्यांना सलाम. मी पहिल्यांदाच लिहितोय. बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, तरुण संघात आहे, लहानपणापासून वाटतं की सेवेत जावं पण घरी सांगितलं तर बाबा म्हणाले आधी नोकरी बघ, पाळकाच्या घरात काय शिजतं ते मी बघितलंय. आमच्या पाळकांना विचारायची लाज वाटते, ते माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागतील. नक्की करायचं काय असतं? सेमिनरीत, म्हणजे पाळकीच्या कॉलेजात, थेट फॉर्म भरायचा का? शिफारस कुणाची लागते? पैसे किती वगैरे? आणि नंतर नाही जमलं तर?

पाळकीणबाई_तालुका

बाळा, आधी तर लाज सोड. बावीस वर्षं पाळकाच्या घरात आहे, काय शिजतं ते मी सांगते, कधी डाळ कधी मटण, पण पाहुणा न जेवता कधी गेला नाही. बाबांचंही चूक नाही. बदल्या होतात, मुलांच्या शाळा बदलतात, पगार उशिरा होतो, रात्री अडीचला कुणाचा तरी बाप जातो आणि दार वाजतं. हे सगळं माहिती असून यायचं.

आता प्रक्रिया. पहिली पायरी सेमिनरी नाही, तुझी मंडळी. सीएनआयमध्ये पाळकासाठी उमेदवार म्हणून जायचं तर पाळक आणि पंच कमिटी शिफारस करतात, मग डायोसिसकडून, म्हणजे बिशपसाहेबांच्या विभागाकडून, मुलाखत होते, बिशपसाहेब आणि बोर्ड बोलतात, आणि मग डायोसिस पाठवते. खर्च किती डायोसिस उचलते ते ज्याच्या त्याच्या डायोसिसवर आहे, तिथेच विचार. स्वतःच्या खर्चाने थेट प्रवेश घेणारीही मुलं असतात, पण मग परत आल्यावर नेमणूक होईलच असं धरून चालू नको, पुष्कळांची इथे फसगत होते म्हणून स्पष्ट लिहिते.

तू पदवीधर होणार म्हणजे बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी), चार वर्षं, सेरामपूरच्या सिनेटची पदवी. ते सेरामपूर म्हणजे मिशनरी विल्यम कॅरींचं, १८१८ चं कॉलेज. आपल्या जवळ पुण्यात दोन मोठ्या जागा आहेत, युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्र आणि बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी, जी १९८३ पर्यंत यवतमाळला होती. ग्रीक-हिब्रूला घाबरू नको. आमच्या साहेबांना पहिल्या वर्षी हिब्रूत काठावर पास केलं होतं आणि आज ते स्तोत्रं मुळातून वाचून दाखवतात, मला काही कळत नाही, पण ऐकायला बरं वाटतं.

वर्ग साधारण जूनमध्ये सुरू होतात म्हणजे आत्ता फेब्रुवारीत विचारणं अगदी वेळेवर आहे. मेमध्ये विचारलं असतंस तर पुढच्या वर्षावर गेलं असतं. आणि नोकरी धरून अभ्यास करायचा असेल तर सिनेटचे घरून करायचे कोर्स आहेत, पदवीधरांना बी.सी.एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज). त्याने कुणी पाळक होत नाही, पण शिकायला तर मिळतं, आणि आपल्याला जमतंय का ते कळतं.

नंतर नाही जमलं तर काय विचारलंस. आमच्या साहेबांच्या बॅचचे एकजण शाळेत मास्तर आहेत, रविवारी सुंदर संदेश देतात, सुखात आहेत.

बीडी_करू_का

धन्यवाद बाई 🙏 येत्या रविवारी उपासनेनंतर थांबून साहेबांशी बोलतो. म्हणजे बोलायचा प्रयत्न करतो.

बघ्या_शेजारी

मी तुमच्यातला नाही पण चर्चच्या मागच्या चाळीत वाढलोय, नाताळच्या करंज्या खाऊन मोठा झालोय. दोन शंका. तुम्ही फादर म्हणत नाही का? आणि सीएनआय म्हणजे काय, कायम बोर्डावर बघतो.

पेटीवाले_काका

फादर कॅथलिकांचे. आमचे पाळक किंवा रेव्हरंड, त्यांची लग्नं होतात, म्हणून तर पाळकीणबाई आहेत. सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक झाल्या, अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट आणि युनायटेड चर्च, ज्यात आमचं जुनं अमेरिकन मिशन आलं. त्या चाळीतून तुम्हाला भजन ऐकू येत असेल तर तो मी.

बघ्या_शेजारी

ऐकू येतं काका. गुरुवारी. भाता खरंच दमेकरी आहे.

वऱ्हाडी_माणूस

नगरवाल्यांनो, आम्ही पण मराठीच आहो बरं का! सगळं जग नगर-पुण्यात संपत नाही. अकोल्याकडे अलायन्सच्या मंडळ्या, वाशिमकडे नाझरीन, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, खानदेशात वेगळेच. अन अमेरिकन मेथडिस्टांनी तर १९७० मध्ये ऐनवेळी अंग काढलं होतं, म्हणून ती मंडळी आजही वेगळी. मुद्दा असा का इथं फक्त सीएनआयचं चालते का सगळ्यायचं?

आमच्या इकडं सगळ्या मंडळ्यांच्या बायका मिळून मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन करतात. दरवर्षी एका देशातल्या बाया ती उपासना लिहून देतात अन जगभर तीच होते. ह्यात सीएनआय नाही का अलायन्स नाही, कॅथलिक बाया पण येतात. भजन कोणाच्या पुस्तकातलं घ्यायचं यावर मात्र दरवर्षी अर्धा तास जातो.

अल्टो_दुसरी_रांग

सगळ्यांचं चालतं दादा, म्हणून तर प्रॉटेस्टंट लिहिलं. आणि जागतिक प्रार्थना दिनाचं बरं आठवण केलीत, आमच्याकडे अजून सूचनाच झाली नाही.

पुणेकर_झालो

मी मूळ राहुरीकडचा, अकरा वर्षं पिंपरीत. आमच्यासारख्यांचं पण कुणीतरी बघा. गावच्या मंडळीत नाव आहे, इथे जातो ती मंडळी वेगळी, दोन्हीकडे अर्धा अर्धा. गावी गेलो की म्हणतात वर्गणी बाकी आहे, इथे म्हणतात तुम्ही सभासद नाही, मतदान नाही. बदलीचं पत्र आणायचं दरवर्षी ठरवतो आणि दरवर्षी नाताळला गावी गेल्यावर ऑफिस बंद असतं. माझा मुलगा सातवीत, इंग्लिश उपासनेला बसतो, त्याला मराठी वाचता येतं पण बायबलचं मराठी वाचताना अडखळतो, "तो म्हणाला" च्या जागी काय काय वाचतो. आजीने फोनवर विचारलं कुठलं वचन पाठ केलंस तर त्याने इंग्रजीत म्हणून दाखवलं, आजी म्हणाली छान आहे, मग फोन माझ्याकडे देऊन म्हणाली काय म्हणाला रे तो.

मला विचारायचंय की सुट्टीत आठ-पंधरा दिवस मुलांना गावाकडच्या व्हीबीएसला पाठवता येईल का? राहायची सोय माझ्या आईकडे आहे. मराठीतून गाणी, वचनपाठांतर, एवढंच पाहिजे.

संडेस्कूल_टीचर

पाठवा की दादा! वचनपाठांतराची स्पर्धा शनिवारी असते, पहिल्या दिवसापासून आला तर आरामात बसेल. फॉर्म मात्र तुम्हीच सही करायचा, आजीची सही चालेल पण तुमचा नंबर पाहिजे. आणि बदलीचं पत्र नाताळला कशाला मागता, तेव्हा सगळे केक कापत असतात. फोन करून साध्या आठवड्यात या.

मिरजेची_नर्स

नर्सिंगचा विषय ताईंनी वर काढला म्हणून. मी मिरजेला शिकले, वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली सुरू केलेल्या हॉस्पिटलच्या गावात, आज बावन्न वर्षांची आहे. आपल्या मंडळ्यांतल्या किती घरांत एकतरी सिस्टर आहे मोजा, आमच्या पिढीत पोरगी हुशार असली की मास्तरीण नाहीतर नर्स. आता मुलींना वाटतं हे जुन्या काळाचं काम. जुनं नाहीये, पण माहिती अर्धवट असते. मागच्या वर्षी एक मुलगी माझ्याकडे रडत आली की मी आर्ट्सची, मला नर्सिंग होणार नाही. कुणी सांगितलं? जीएनएमला (नर्सिंगचा डिप्लोमा) बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्रजी विषय पाहिजे आणि चाळीस टक्के, तीन वर्षांचा कोर्स. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्याला सायन्स, जीवशास्त्रासकट, आणि सीईटी. वय सतरा पूर्ण पाहिजे. कॉलेजला मान्यता आहे का हे नर्सिंग कौन्सिलच्या यादीत बघितल्याशिवाय एक रुपया भरू नका, मग ते कितीही ख्रिस्ती नावाचं असू दे. नावात सेंट असलं म्हणून मान्यता असतेच असं नाही.

आणि दाखल्याचं. बाप्तिस्म्याचा दाखला प्रवेशाच्या महिन्यात मागायचा नसतो, आत्ता मागून ठेवायचा. रजिस्टरमध्ये नावाचं स्पेलिंग आणि शाळेच्या दाखल्यातलं स्पेलिंग जुळतं का बघा. माझंच जुळत नव्हतं, रजिस्टरमध्ये मी लाडाच्या नावाने आहे, कारण बाप्तिस्म्याच्या दिवशी साहेबांनी नाव विचारलं आणि माझ्या आजीच्या तोंडून तेच आलं.

अल्टो_दुसरी_रांग

सिस्टर हे तुम्ही दोन वर्षं आधी लिहायला पाहिजे होतं. भाच्याला आत्ताच पाठवते रजिस्टर बघायला, ह्या वर्षी परत फॉर्म भरतोय तो.

कुणीतरी_सभासद

संधी संधी काय करताय, आधी मिशनच्या जमिनी कुणी विकल्या ते विचारा. आमच्याकडे कंपाऊंडची

प्रशासक

वरचा प्रतिसाद अर्धा काढला आहे. जमिनी, कोर्ट, निवडणुका आणि कोण कुठे सही करतो हे विषय ह्या धाग्यावर नकोत. त्यासाठी वेगळा धागा आहे, तीनशे प्रतिसाद झालेत, तिथे जा.

मी_पंच

आभारी आहे.

जामखेड_रोड

तरुण संघवाल्यांना एक सुचवतो. सहल म्हणजे दरवेळी महाबळेश्वर कशाला? जामखेडला जा. आरोळे डॉक्टर नवरा-बायकोने १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं, गावातल्याच बायकांना, ज्यांना सही येत नव्हती अशांना, शिकवून आरोग्यसेविका केलं, १९७९ ला मॅगसेसे मिळाला. आपल्यातलेच लोक होते. आमच्या तरुण संघाला मी नेलं होतं, पोरं जाताना गाडीत कुरकुर करत होती की मोबाईलला रेंज नाही, आणि तिथे एका साठीच्या बाईंनी समोर बसवून सांगितलं की पहिलं बाळंतपण तिने कसं केलं आणि सासूने आधी घरात कसं घेतलं नव्हतं. परत येताना गाडीत कुणी गाणी लावली नाहीत. आधी फोन करून परवानगी घेऊन जा, नुसतं जाऊन उभं राहू नका.

अल्टो_दुसरी_रांग

दादा छान. आमच्या महिला मंडळालाही आवडेल. मुक्ती मिशनला ज्या पोचल्या त्या बायका अजून सांगत असतात, रमाबाईंनी सगळं बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत आणलं आणि ते छापलं तिथल्याच बायकांनी, छपाईचे खिळे जुळवण्यापासून. ज्या पोचल्या नाहीत त्या ऐकून घेतात. आई तर म्हणते मला त्यातलं काही ऐकायचं नाही.

तर आता काम झालंय असं की कमिटीने आमच्यासाठी दुसरी सहल मंजूर केलीये, राहिलेल्या सातजणींसाठी खास, आणि सूचना मलाच लिहायला सांगितलीये. (हा धागा कुणीतरी सेक्रेटरींना दाखवला. पंचसाहेब, तुम्हीच ना?) मी लिहिलीये, चुका काढा.

"महिला मंडळाची सहल. पंडिता रमाबाई मुक्ती मिशन, केडगाव, तालुका दौंड, जिल्हा पुणे. (नगरचे केडगाव नाही.) मार्चचा तिसरा शनिवार. बस चर्चच्या फाटकातून सकाळी बरोबर सात वाजता सुटेल. मधल्या कुठल्याही स्टॉपवर थांबणार नाही. डबा स्वतःचा आणावा. नावे मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत क्वायरच्या दुसऱ्या रांगेत द्यावीत."

मी_पंच

मी दाखवलेला नाही. बायकोने दाखवला. बसचे पैसे लिहिले नाहीत.

अल्टो_दुसरी_रांग

बघा, पाचातलं एक माझंच राहिलं. बस मंडळीकडून आहे, पैसे नाहीत. घालते.

संडेस्कूल_टीचर

परत किती वाजता ते पण लिही. घरी विचारतात.

पाळकीणबाई_तालुका

"क्वायरच्या दुसऱ्या रांगेत" म्हणजे कुणाकडे? नवीन आलेल्या बाईला काय कळणार. फोन नंबर इथे नको टाकू, पण फळ्यावरच्या कागदावर मोठ्या अक्षरात टाक.

बीडी_करू_का

मध्येच सांगतो, साहेबांशी बोललो. त्यांनी काहीच वेगळ्या नजरेने बघितलं नाही. म्हणाले गुड फ्रायडेला बोल आधी, मग बघू. पाचवा उद्गार दिलाय.

संडेस्कूल_टीचर

😄😄😄

पेटीवाले_काका

अभिनंदन बेटा. पाणी पिऊन जा.

सहलीच्या कागदाबद्दल, कंसातलं वाक्य कंसात नको, सगळ्यात वर घे, लाल पेनने. आणि गुरुवारी सहाला तो कागद घेऊन ये, फळा माझ्या उंचीला बरोबर येतो, मी लावतो. येताना चिकटपट्टी आण, चर्चमधली संपली आहे.

अल्टो_दुसरी_रांग

आणते काका. आईला सूचना वाचून दाखवली. तिने दोनदा वाचायला लावली आणि विचारलं, लिहिलीये कुणी, सेक्रेटरींनी का तू? मी म्हणलं मी. म्हणाली मग लिही माझं नाव.